ताई, तू कालव्यात हात उचललास

ताई,

काल तुला जाळलं. इथे क्रिमेशन म्हणतात, गुरुजी अग्निसंस्कार म्हणाले, आणि मराठी मंडळाच्या कुंदावहिनी सकाळपासून फोनवर सगळ्यांना तू अनंतात विलीन झाल्याचं कळवताहेत. मी जाळलं म्हणते, कारण मी तिथे उभी होते आणि त्या लोखंडी दारापलीकडे काय सुरू झालं ते मला ऐकू येत होतं. लहानपणी तू म्हणायचीस, शकू, तुझ्या जिभेला हाड नाही. नाहीच. इतक्या वर्षांत आलं नाही, आता कुठून येणार?

रविवारी मंडळाची शोकसभा आहे. मला चार शब्द बोलायला सांगितलंय आणि कोणते बोलायचे तेही वहिनींनी सुचवलंय. प्रेमळ, सुगरण, हसतमुख, सोशिक. तू सोशिक होतीस असं कोणी म्हटलं की माझ्या मुठी वळतात. म्हणून मी तिथे जाणार नाही. जे बोलायचं ते तुझ्याशीच बोलते.

आणि एक सांगून ठेवते. तुझ्या नवऱ्याला मी तुमच्या लग्नापासून भाऊजी म्हणत आले, अहो-जाहो करत आले. आज तो इथे फक्त 'तो' आहे. तुला खटकेल. खटकू दे.

तू माझ्याकडे कधी काही मागितलं नाहीस. देणारी तू, घेणारी मी, असंच चालत आलं. तू मला वर्ध्याहून इथे कॅनडात बोलावून घेतलंस, तुमच्या रेजिना गावातल्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये बर्फावर गाडी घसरली तर स्टिअरिंग कुठे वळवायचं ते शिकवलंस, माझी फिजिओथेरपीच्या लायसन्सची परीक्षा झाली नव्हती तेव्हा मला पुस्तकं मिळवून दिलीस. मागितलंस ते एकदाच, गेल्या महिन्यात. आपण इथे जवळच सरी गावी मंडळातल्या त्या म्हाताऱ्या आजींच्या अंत्यदर्शनाला गेलो होतो. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, आणि नवऱ्याने थरथरत्या हाताने भरलेला मळवट. बायका रांगेने पाया पडत होत्या. अहेव गेली, भरल्या कपाळाने गेली, भाग्याची, असं चाललं होतं. परत येताना हायवेवर पाऊस लागला, मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसले होते, आणि तू समोर बघत म्हणालीस, "शकू, मी त्यांच्या आधी गेली ना, तर साडी हिरवीच नेसव. मला हिरवा रंग आवडतो. बांगड्याही भर. पण त्यांचा हात माझ्या कपाळाला लागू देऊ नको."

"नाही लागणार," मी म्हणाले. "मी आहे ना."

मी शब्द पाळला की नाही ते सांगायलाच बसले आहे. पण त्याआधी मला भांडायचं आहे. तू अर्धं भांडण सोडून गेलीस आणि माझ्या अंगात ते अजून उकळतंय.

तो खांदा आठवतो? तुला रेजिनाच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवरचा डबा काढता येत नव्हता. तू हसून म्हणालीस, इथल्या थंडीत माणसाचा खांदासुद्धा फ्रोझन होतो. माझं आयुष्य लोकांचे सांधे सोडवण्यात गेलं, मला तू फ्रोझन शोल्डर शिकवतेस? मी बोटं फिरवली आणि कळलं. गळ्याजवळचं हाड मोडून वेडंवाकडं जुळलं होतं. डॉक्टरकडे कोणी नेलंच नव्हतं. तो बाहेरच्या खोलीत नुकत्याच आलेल्या एका पुण्याच्या जोडप्याला चहा पाजत होता. एअरपोर्टवरून त्यांना तोच घेऊन आला होता, त्यांना विंटर जॅकेटं तोच घेऊन देणार होता. रेजिनात येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला त्यानेच घर शोधून दिलं. त्याच्या बेसमेंटमध्ये पहिला गणपती बसला. लोक त्याला देवमाणूस म्हणत, आणि खोटं म्हणत नव्हते, त्यांना तो तसाच भेटत होता. जे उरत असे ते तुझ्या वाट्याला येत असे.

मी त्याच दिवशी तुझी बॅग भरली. तू ती उघडून कपडे परत कपाटात लावलेस, एकेक घडी करून.

"मी काहून जाऊ?" तू म्हणालीस. "घर माझंही आहे. जायचं तर त्यांनी जावं."

"मग काढ ना बाहेर."

"काढीन. वेळ आली की काढीन."

"कधी? मेल्यावर?"

तू पोळ्या लाटायला घेतल्यास. त्या दिवसापासून दर भेटीत, दर फोनवर आपलं हेच भांडण. मी चिडायचे, तू भाजीला काय केलंस ते विचारायचीस. ताई, मला वाटायचं तुला कानाखाली द्यावी. मग वाटायचं, माझ्यात आणि त्याच्यात फरक तो काय? मग मी फोन आपटायचे.

आणि मग ही क्रूझ. तुमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून कुंदावहिनींनी टूम काढली, तुमच्या रेजिनाच्या आणि आमच्या व्हँकुव्हरच्या, दोन्ही मंडळांतले निवृत्त लोक गोळा केले. त्याला अलास्का हवी होती. तू पहिल्यांदा हट्ट केलास. पनामाच नाहीतर मी येत नाही, म्हणालीस. मला का ते माहीत होतं. बाबांनी फळ्यावर काढलेली ती आकृती. शाळेतल्या मुलांना भूगोल शिकवून त्यांचं मन भरत नसे, घरी येऊन ते आपल्याला पुन्हा शिकवत. दोन समुद्र, मधे डोंगर, आणि पाण्याच्या पायऱ्या. जहाज जिना चढतं, बाबा सांगायचे, आणि तू म्हणायचीस, खोटं. जहाजाला पाय कुठे असतात? त्यावर बाबा म्हणाले होते, मोठी झालीस की बघून ये. तू बघायला निघाली होतीस.

फ्लोरिडाच्या धक्क्यावर सिक्युरिटीच्या टेबलाचा तो देखावा मी मरेपर्यंत विसरणार नाही. आपल्या ग्रुपच्या बॅगांतून काय काय निघालं. इस्त्री, दोन इलेक्ट्रिक किटल्या, सँडविच भाजायचं यंत्र, आणि तुझ्या बॅगेतून तो छोटा राइस कुकर, आत मुगाची डाळ आणि आंबेमोहोर तांदूळ नीट बांधून ठेवलेले. जहाजावर गरम होणारी वस्तू चालत नाही हे तिकिटासोबत आलेल्या मेलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं, आणि आपल्यापैकी प्रत्येकाला खात्री होती की ते दुसऱ्यांसाठी आहे. त्या धिप्पाड ऑफिसरने कुकर उचलून विचारलं, हा कोणाचा?

"माय वाइफ्स," तो म्हणाला. "आय टोल्ड हर. शी डझण्ट लिसन."

रात्री वरण-भात मिळणार नसेल तर मी जहाजावर पाऊल ठेवणार नाही, असं घरी कोणी बजावलं होतं? सगळे हसले, मीही त्या किटल्यांकडे बघून हसत होते. मग त्याने तुझा दंड धरला, कोपराच्या वर, आणि हसत हसत तुला पुढे घेऊन गेला. त्याचा अंगठा किती आत रुतला होता ते मी मागून बघत होते. लिफ्टमध्ये तू मला जहाजावर किती मजले आहेत ते सांगत होतीस.

त्यानंतर समुद्रावर रोज काहीतरी होत होतं. तुमच्या केबिनची भिंत माझ्या केबिनला लागून होती. बुफेत अर्धा फर्लांग लांब जेवण मांडलेलं असे आणि त्याला त्यात खाण्यासारखं काही सापडत नसे, आणि त्याचा दोष कुकरवरून तुझ्यावर येत असे. एकदा भिंतीवर काहीतरी आपटलं. मी दार ठोठावलं. तू उघडलंस, आणि ओल्या टॉवेलने गालिच्यावरचा चहा पुसत म्हणालीस, "जा शकू, तमाशा करू नको. परवा कालवा आहे."

म्हणजे तू सगळं त्या एका सकाळीवर टाकलं होतंस. मला ते तेव्हा कळलं नाही, तुझा रागच आला.

कालव्याच्या दिवशी तू उजाडायच्या आत जहाजाच्या नाकाशी, कठड्याला धरून उभी होतीस, गळ्यात बाबांची जुनी दुर्बीण. ती जड पितळी दुर्बीण तू एवढ्या लांब आणलीस याचं मला हसू आलं. हवा अशी दमट की साडी अंगाला चिकटत होती. दोन माणसं एका होडक्यातून वल्ही मारत आली आणि एवढ्या मोठ्या जहाजाला दोर देऊन गेली. ते बघून तू लहान मुलीसारखी हसलीस. मग दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती आल्या, हात लांब केला तर लागतील इतक्या जवळ, आणि रुळांवरची छोटी इंजिनं आपल्याला ताणून धरून सरळ ठेवू लागली. मागे दारं बंद झाली. खालून पाणी उसळायला लागलं, आणि ताई, आपण खरंच वर चाललो होतो. लाउडस्पीकरवर एक बाई सांगत होती, हा डोंगर सुरुंग लावून फोडला, किती मजूर गाडले गेले, किती तापाने मेले. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "बाबांनी माणसं मेल्याचं नव्हतं सांगितलं."

तेवढ्यात तो आला. त्याची रक्तदाबाची गोळी सापडत नव्हती. खाली ये आणि काढून दे, म्हणाला.

"वरच्या कप्प्यात आहे," तू म्हणालीस.

"काढून दे म्हटलं ना."

"जहाज चढतंय. मी बघून राहिली. तुम्ही जा, मी नंतर येते."

पन्नास वर्षांत तू त्याला चारचौघांत नाही म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं. त्यानेही नसावं. त्याने हात उचलला आणि तुझ्या तोंडात मारली. उघड्या डेकवर, भर सकाळी, आपल्या सगळ्या ग्रुपसमोर. तुझा चष्मा उडून कठड्यापलीकडे, जहाज आणि भिंतीमधल्या फटीत गेला. मी धावले, पण तुझ्यापर्यंत पोचण्याआधी तू वळलीस. दुर्बीण पट्ट्याने धरलीस आणि फिरवून त्याच्या चेहऱ्यावर हाणलीस. एकदा. मग परत एकदा. दुसऱ्या वेळी भुवई फुटली. तो मागच्या आरामखुर्चीवर कोसळला आणि त्याच्या पांढऱ्या शर्टावर रक्ताची धार लागली. कोणीतरी किंचाळलं. तू दम खाल्लास, पदर कमरेला खोचलास आणि परत कठड्याकडे तोंड करून उभी राहिलीस.

सिक्युरिटीचे दोघे आले. तो ओरडत होता, शी इज मॅड, शी इज ए मॅड वुमन. त्या दोघांतल्या मुलीने तुला हळू आवाजात विचारलं, मॅम, तुम्ही आमच्याबरोबर आत येता का? तू म्हणालीस, "येस, येस. बट टू मोअर गेट्स." आणि ती मुलगी, देव तिचं भलं करो, तुझ्या शेजारी उभी राहिली. दुसरं दार उघडलं, तिसरं उघडलं, पुढे ते मोठं तळं दिसलं. चष्म्याशिवाय तुला काय दिसलं असेल कोण जाणे. तुझा ओठ सुजत होता आणि तू ओठ हलवून काहीतरी म्हणत होतीस. मला वाटतं तू बाबांशी बोलत होतीस.

ताई, मी तेव्हा रडले ते आनंदाने. असं लिहायला लाज वाटायला हवी, पण वाटत नाही. त्याच्या भुवईला टाके पडले याचा मला आनंद झाला, अजूनही होतो.

तुला माझ्या केबिनमध्ये हलवलं, त्याला त्याच्या केबिनमध्ये राहायला बजावलं. मेक्सिकोचा सगळा किनारा ग्रुपने आपल्या दोघींकडे न बघता काढला. एका दुपारी कुंदावहिनी चिवड्याचा डबा घेऊन समेटाला आल्या. म्हणाल्या, "विजूताई, या वयात होतं असं. बीपी वाढलं की पुरुषांना कंट्रोल राहत नाही. मिटवून टाका."

तू चिवडा घेतलास, त्यांना बसवलंस. "वहिनी, तुम्ही माझ्या बाजूलाच होता ना? आवाज आला ना तुम्हाला?"

"अहो, वारा किती होता," वहिनी म्हणाल्या.

कालव्याच्या भिंतींमध्ये पानही हलत नव्हतं. तू फक्त मान डोलावलीस आणि चिवड्यात शेंगदाणे जास्त झालेत म्हणालीस.

व्हँकुव्हरच्या धक्क्यावर तू तुझी बॅग माझ्या गाडीत टाकलीस. तो टॅक्सीने एअरपोर्टला गेला. तुझ्या मुलाचा, अमोलचा टोरोंटोहून फोन आला. म्हणाला, "मावशी, डिड शी रिअली हिट हिम बॅक?" मी हो म्हटलं. मग म्हणाला, "मी बेसमेंटमध्ये टीव्हीचा व्हॉल्यूम वाढवायचो. एव्हरी टाइम." मी त्याला खूप बोलले. चाळिशी उलटलेला माणूस, कधी आईच्या बाजूने उभा राहिलास का, म्हणून त्याला फाडून खाल्लं. त्याने ऐकून घेतलं. मी ते तुला सांगितलं नव्हतं.

माझ्या कोक्विटलामच्या घरातले ते सहा महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात गोंगाटाचे होते. तू मोठ्याने रेडिओ लावायचीस. दार आपटून बंद करायचीस, नुसती मजा म्हणून. कम्युनिटी सेंटरच्या तलावात छातीएवढ्या पाण्यात उभी राहून हातपाय झाडायचीस. तो वाकडा खांदा मी रोज चोळायचे आणि तू मला शिव्या घालायचीस, आजोबा गड्याला घालायचे तसल्या. मला माहीतच नव्हतं की तुला त्या येतात. आणि ते अस्वल. कचऱ्याचा डबा पाडून आत तोंड घालून बसलेलं काळं धूड, मी दाराआड थरथरतेय, आणि तू हातात कढई-पळी घेऊन पायरीवर. "हाड! चल, हो पुढे!" अस्वलाला हाड म्हणणारी बाई ब्रिटिश कोलंबियात तू पहिली असशील. ते गेलं मात्र, मान खाली घालून. त्यानंतर तू आठवडाभर शेजाऱ्यांना सांगत होतीस, जोरात बोललं की सगळे जातात.

मी सुखात होते, ताई. मला वाटलं, मिळाली मला माझी बहीण.

आणि गेल्या मंगळवारी, न्याहारीला, तू सहज म्हणालीस, "मी रेजिनाला जाते पुढच्या आठवड्यात. तिकीट काढून दे."

मला एकदम काही दिसेनासं झालं. मी विचारलं, "परत मार खायला?"

"घर माझं आहे."

"मर मग त्या घरात."

"आता मी मार नाही खात शकू, तू पाहिलं ना. मी त्यांना काढीन. आता वेळ आली."

मी माझ्या हातातली कणकेची परात भिंतीवर फेकली. पीठ सगळ्या किचनभर. मी ओरडले, तू कधीच काढणार नाहीस, तू जाशील आणि त्याला वरण-भात करून घालशील, तू जन्मात सुधारणार नाहीस. तू उठलीस, केरसुणी घेतलीस आणि पीठ गोळा करायला लागलीस, आणि म्हणालीस, "तुला समजत नाही." काय समजत नाही? मी तेच विचारत तुझ्यामागे फिरत होते. तू पीठ सुपलीत भरून मागच्या दारी टाकायला गेलीस आणि तिथेच बसलीस. मला वाटलं रुसून बसलीस. मी मुद्दाम लवकर आले नाही. आले तेव्हा तुझं तोंड एका बाजूला ओढलेलं होतं. हॉस्पिटलमध्ये त्यांनी मेंदूतलं रक्त दाखवलं, स्क्रीनवर पांढरं डबकं. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं होतं.

म्हणजे तू खरंच त्याला काढणार होतीस की परत त्याच्या ताटात वाढणार होतीस, हे मला कधीच कळणार नाही. मी माफी मागत नाही. मला अजून वाटतं माझं बरोबर होतं. तू असतीस तर आजही भांडले असते, आणि तू असायला हवी होतीस.

आता कालचं.

फ्यूनरल होमच्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, हजबंड आहेत का? आहेत म्हटल्यावर तो पुढचं सगळं त्याच्याशीच बोलला. मी बहीण, सहा महिने तू माझ्या घरात, पण हक्क त्याचा. तो रेजिनाहून आला, सोबत चांदीचा करंडा. मी अमोलला बाजूला घेऊन तुझं म्हणणं सांगितलं. त्याचे डोळे सुजलेले होते. म्हणाला, "मावशी, प्लीज. इट्स जस्ट पावडर. लेट हिम. एक मिनिटाची गोष्ट आहे, मग सगळं ओव्हर." मी त्याच्याशी बोलणं सोडून दिलं.

तुला हिरवी साडी मीच नेसवली. बांगड्या भरताना तुझा हात जड आणि गार होता, मी तळव्यापासून दाबत दाबत त्या वर चढवल्या. तुझं कपाळ स्वच्छ धुतलं, केस मागे घेतले. हॉलमध्ये बायका जमल्या आणि सुरू झालं. अहेव गेली. पन्नास वर्षांचा संसार. भाग्य लागतं. कुंदावहिनींनी डोळे पुसत मला मिठी मारली आणि सोडलंच नाही. तेवढ्यात तो उठला. भुवईवर तो व्रण अजून होता. करंडा उघडून तो तुझ्याकडे निघाला.

मी वहिनींना ढकललं आणि मधे जाऊन उभी राहिले. "नाही," म्हटलं. "तिने नको सांगितलंय."

"बाजूला हो. माझी बायको आहे."

मी हलले नाही. त्याने मला खांद्याला धरून बाजूला फेकलं. ऐंशीला टेकलेला माणूस, पण हात तेच. मी फुलांच्या स्टँडवर पडले, स्टँड माझ्यावर. उठेपर्यंत त्याने तीन बोटं करंड्यात बुडवून तुझ्या कपाळावर आडवी ओढली होती, या कानापासून त्या कानापर्यंत. मग तो मागे सरला आणि हात जोडले. बायका नमस्काराला वाकल्या.

मी शब्द दिला होता ताई, आणि तो मोडला गेला होता, माझ्या डोळ्यांदेखत.

गुरुजींच्या ताटात गंगाजलाची कुपी होती. मी ती फोडली, पदर भिजवला आणि तुझ्या डोक्याशी गेले. कोणीतरी माझा हात ओढला, मी कोपर मारलं. मग मी तुझं कपाळ पुसायला लागले. वहिनी ओरडल्या, "शकू, अगं ते जिवंत आहेत." सवाष्णीचं कुंकू कधी पुसतात ते तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. माझंही पुसलं होतं, सहा वर्षांपूर्वी. मला ते माहीत होतं, आणि मी घासून पुसत होते.

त्याला कळलं. तो घशातून असा आवाज काढत माझ्यावर आला की मी डोळे मिटले, पण पुसणं थांबवलं नाही. मार बसला नाही. डोळे उघडले तर अमोल मागून त्याला दोन्ही हातांनी आवळून उभा होता, बापाचे पाय जमिनीवरून सुटलेले, तो लाथा झाडतोय, शिव्या देतोय. अमोलचा चेहरा लाल झाला होता. बापाच्या खांद्यावरून तो तुझ्याकडे बघत होता.

"मावशी," तो म्हणाला, "आयब्रोमध्ये अजून आहे."

मी पदराचं दुसरं टोक भिजवलं आणि तेही पुसून काढलं.